नुसतं ‘कमी’ म्हणून चालत नाही

६ जानेवारी

आज रुजू झाले. शाळेत इंग्रजी शिकवण्यात उभी हयात गेली. मग मुलं रोडावत गेली, एकेक तुकडी बंद पडली आणि शेवटी शाळेलाच कुलूप लागलं. सगळे म्हणाले, आता आराम करा. आराम म्हणजे काय ते थोडे महिने पाहिलं. समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या कपड्यांवरून त्यांच्याकडे कोण पाहुणा आलाय ते ओळखण्यापर्यंत माझी मजल गेली, तेव्हा उठले आणि अर्ज केला.

हॉस्पिटलात दुभाषी हवी होती. मोठ्या डॉक्टरांपैकी बऱ्याच जणांना आपली भाषा येत नाही, पेशंटपैकी निम्म्यांना इंग्रजी कळत नाही. मधे एक माणूस लागतो. तो माणूस आता मी.

आमच्या प्रमुखबाई माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत. त्यांनी नियम सांगितला, “डॉक्टर बोलतील ते सगळं पेशंटला, पेशंट बोलेल ते सगळं डॉक्टरांना. पदरचं घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही.” जन्मभर व्याकरण शिकवलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही, असं मनात म्हटलं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, “कसं, झालं?” हे लोकांना गाडी चालवायला शिकवतात. दिवसभर शिकाऊंवर ओरडून आवाज चढलेला असतो, आणि हल्ली घरातही तेच. समोर येऊन उभं राहायचं आणि एकेक शब्द सुटासुटा बोलायचा. मी म्हटलं, “अहो, माझा पाय क्लचवर नाही. साधं बोला.” हे हसले नाहीत.

१७ जानेवारी

फजिती झाली.

हृदयाच्या विभागात एक जोडपं आलं होतं. काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळे त्यांना पेंटरकाकाच म्हणतात. पाय सुजून टम्म, दोन वाक्यं बोलले की धाप लागते. डॉक्टर मॅडम तपासून म्हणाल्या, हृदयाचं काम ‘डिक्रीज’ झालंय. मी सरळ सांगून मोकळी झाले, “हृदयाचं काम कमी झालंय.”

काकूंचा चेहरा खुलला. “बरं झालं, ताई! फार काम करत होतं हो ते. सारखी धडधड. जरा कमी झालं तर तेवढाच त्याला विसावा.”

काका म्हणाले, “मी काम कमी केल्यावर ही बोलत होती. त्यानं केलं तर कौतुक!”

दोघं हसले. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या, की मी असं काय विनोदी सांगितलं. मग मला पुन्हा सांगावं लागलं. “काकू, त्याची ताकद घटलीय. रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतंय. म्हणून पायांत पाणी साचतंय.” काकूंचं हसू तिथल्या तिथे विरलं. आधी हसवून मग रडवल्यासारखं झालं.

बसमधून येताना तेच डोक्यात होतं. वर्गात मी मुलांकडून ‘डिक्रीज’चे भाऊबंद घोकून घ्यायचे: रिड्यूस, डिक्लाइन, ड्रॉप, लेसन. मार्क मिळायचे, विषय संपायचा. पण ताप उतरतो. सूज ओसरते. वजन घटतं. भूक मंदावते, नजर अधू होते, माणूस खंगतो. ताप उतरला की आई देवाचे आभार मानते आणि चेहरा उतरला की तीच आई घाबरते. ‘कमी’ म्हटलं की काहीतरी खाली गेलं एवढंच कळतं. ते बरं की वाईट, हे कुठे कळतं?

उद्यापासून नुसतं ‘कमी’ म्हणायचं नाही.

२ फेब्रुवारी

जमायला लागलंय. आज एका आजोबांना एक औषध ‘टेपर’ करायचं होतं. त्यांना म्हटलं, “एकदम बंद नाही करायचं. जिना उतरतो तसं. एक पायरी, थांबायचं, मग पुढची.” आजोबा म्हणाले, “कठडा धरून?” मी म्हटलं, “कठडा म्हणजे डॉक्टर. त्यांना विचारूनच उतरायचं.” वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, तुम्ही आल्यापासून लोक परत परत विचारायला येत नाहीत. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

घरात मात्र कटकटी. दारावरची बेल बिघडलीय. शेजारीण म्हणाली, कितीतरी वेळ वाजवत होते. ह्यांना दुरुस्त करायला सांगितलं, तर ह्यांनी माझ्यादेखत दाबून पाहिली आणि म्हणाले, “वाजतेय.” असेल. अशा वस्तू माणूस बघून चालतात.

लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरीला असते. बोलता बोलता म्हणाली, “आई, तू ऐकत नाहीस.” मला रागच आला. “जन्मभर सगळ्यांचं ऐकतच आलेय,” म्हटलं. ती म्हणाली, “तसं नाही गं,” आणि पुढे काहीतरी पुटपुटली. एकदा दाखवून ये, असं काहीसं. काय दाखवायचं, कुणाला? हल्लीच्या मुलांना तोंड उघडून बोलायचा कंटाळा.

आणि पाखरं. पूर्वी पहाटे खिडकीत नुसता कलकलाट असायचा. यंदा चिडीचूप. झाडं तोडली की दुसरं काय होणार? ह्यांना तसं म्हटलं, तर हे चहा ढवळत बसले.

२१ फेब्रुवारी

पेंटरकाकांची सूज ओसरली! पाण्याच्या गोळीनं काम केलं. पाण्याची म्हणजे अंगात साचलेलं पाणी लघवीवाटे काढणारी. काका पाय पुढे करून म्हणाले, “ओळखलंत का, ताई? हे माझेच. बऱ्याच दिवसांनी भेटले.” काकूंनी डबा उघडून मला बळेच खाऊ घातलं. निघताना म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं की मला कळतं, ताई. तुम्हीच येत जा.”

मॅडम मात्र हल्ली फार भरभर आणि तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यात तोंडाला मास्क. मी मान पुढे काढून बसते. अंदाज पक्का आहे, निभतं.

१२ मार्च

आता काही तपासण्या फोनवर होतात. डॉक्टर एका टोकाला, पेशंट घरी आणि मधे मी. फोनची लाइन म्हणजे दिव्य. सगळे विहिरीतून बोलल्यासारखे वाटतात. ऑफिसातल्या इतरांचं कसं चालतं कोण जाणे.

आज पेंटरकाकांचा फोन होता. मॅडमनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि पाण्याची गोळी अर्ध्यानं वाढवायला सांगितली. मी काकूंना नीट फोड करून सांगितलं, “आता एक घेतात ना? उद्यापासून दीड.”

काकूंना नेहमीप्रमाणे शंका. “सूज तर ओसरली की हो. सारखे बाथरूमला पळतात, तोंडाला कोरड पडते. तरी वाढवायची?”

मॅडमना पुढच्या पेशंटची घाई होती. मी काकूंना म्हटलं, “डॉक्टरांनी विचार करूनच सांगितलं असेल ना, काकू.” त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणता तर बरोबरच असणार.” चांगल्या आहेत, पण घोळ फार घालतात.

१८ मार्च

पेंटरकाका बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. कपाळाला टाके पडलेत. अंगातलं पाणी आटलं, रक्तदाब पार खाली गेला. दुपारी त्यांना भरती केलं. आता सलाइन चालू आहे.

डॉक्टर मॅडमनी प्रमुखबाईंना विचारलं, गोळी वाढवायला कुणी सांगितलं? त्यांनी तर अर्ध्यानं उतरवायला सांगितली होती म्हणे!

म्हणे! मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ‘इन्क्रीज’ म्हणाल्या त्या. चूक कुणाची आणि खापर कुणाच्या डोक्यावर? मोठ्या माणसांची ही जुनी रीत आहे. पण मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. प्रमुखबाईंना स्पष्ट सांगितलं, “फोन रेकॉर्ड होतात ना? काढा रेकॉर्डिंग. सगळ्यांसमोर लावा.” त्या म्हणाल्या, “आपण दोघींनी आधी ऐकूया का?” मी म्हटलं, “नाही. मॅडमसमोरच.”

हे म्हणाले, “अगं, जरा सबुरीनं घे.” हेही माझ्या बाजूचे नाहीत.

१९ मार्च

लिहायला हात उचलत नाही, पण आज नाही लिहिलं तर पुढे कधीच लिहिणार नाही.

प्रमुखबाईंच्या खोलीत आम्ही चौघी होतो: त्या, मॅडम, सिस्टर आणि मी. रेकॉर्डिंग लावलं. मॅडमचा आवाज आला आणि मी टेबलावर हात आपटला. “ऐकलंत? इन्क्रीज!”

सिस्टर खाली बघायला लागल्या. मला वाटलं, मॅडमना वाचवतायत. मी म्हटलं, “पुन्हा लावा.” पुन्हा लावलं. पुन्हा इन्क्रीज. “आता तरी?” मी म्हणाले. मॅडमच्या चेहऱ्यावर राग असता तर मी भांडले असते. पण राग नव्हता. दारात आलेल्या वाईट बातमीकडे बघावं तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

प्रमुखबाई उठल्या. त्यांनी माझ्या दोन्ही कानांवर हेडफोन लावला, आवाज चढवत चढवत नेला आणि तेवढंच वाक्य परत लावलं.

डि. ‘डिक्रीज.’

स्वच्छ. दुसरं काही असूच शकत नव्हतं. सगळ्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

२५ मार्च

कानांची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवलं, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी वाट बघत बसले, वाटलं अजून सुरूच झालं नाही. काचेपलीकडच्या तपासनीस ताई मात्र कागदावर खुणा करत होत्या. म्हणजे आवाज येत होते.

त्या म्हणाल्या, “बारीक आवाज आधी जातात. पाखरं, बेल, शब्दांची टोकं. हळूहळू जातं म्हणून माणसाला कळत नाही. वाटतं लोकच पुटपुटतायत.” ‘ग्रॅज्युअल लॉस’ म्हणाल्या. त्याला माझ्याकडे शब्द होता. कान झिजलेत. उंबरठा झिजतो तसे. एका दिवसात कुणाला दिसत नाही.

परत येताना बसमध्ये ह्यांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

हे म्हणाले, “वर्षभर.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो गं. तू ऐकलं नाहीस.” मग माझ्याकडे वळून, समोर चेहरा आणून म्हणाले, “आणि नंतर तुला नोकरी लागली. इतकी खूश होतीस. मला धीर झाला नाही.”

घरापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. स्वयंपाक केला, वाढला, तरी बोलले नाही. राग त्यांच्यावर काढणं सोपं होतं.

२८ मार्च

प्रमुखबाई म्हणाल्या होत्या, हॉस्पिटलतर्फे रीतसर माफी मागितली जाईल, तुम्ही जायची गरज नाही. मी गेले.

काका अजून वॉर्डातच पडून होते, कपाळाला पट्टी. मला बघून म्हणाले, “या ताई. माझा बोर्ड जरा वाकडा टांगलाय, सांभाळून घ्या.” काकू हसल्या नाहीत. स्टुलावर बसा असंही म्हणाल्या नाहीत.

मी उभ्यानंच सांगितलं. मॅडमनी गोळी उतरवायला सांगितली होती, मी वाढवायला सांगितली. माझे कान अधू झालेत, मला ते ठाऊक नव्हतं.

काकू म्हणाल्या, “ठाऊक नव्हतं, मग तुमचा तरी काय दोष?” पण स्वर गार होता.

इथे थांबता आलं असतं. वाटेत मी एवढंच घोकत आले होते. पण त्यांच्याकडे बघून थांबवेना. मी म्हणाले, “काकू, मॅडमचा शब्द मला ऐकू आला नाही हे खरं. पण तुमचा प्रश्न ऐकू आला होता. सूज ओसरली तरी वाढवायची का, असं तुम्ही विचारलंत. तो मी मॅडमना सांगायला हवा होता. सांगितला असता, तर चूक तिथेच कळली असती. मी तुम्हाला घोळ घालणाऱ्या समजले आणि उत्तर पदरचं दिलं.”

काकू बराच वेळ चादरीची घडी नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या शब्दावर माझा माणूस टांगला होता, बाई. डॉक्टरच्या नाही, तुमच्या.”

ताई नाही, बाई. मी मान हलवली. आणखी माफी मागून त्यांच्याकडून ‘जाऊ द्या’ काढून घ्यायचं नाही, एवढं ठरवून बाहेर पडले.

१५ एप्रिल

यंत्रं बसवली, दोन्ही कानांत. भांड्यांचा आवाज कानशिलात बसतो. माझीच चप्पल एवढी फटफटते? ह्यांना म्हटलं, “ओरडू नका,” तर हे म्हणाले, “कुजबुजतोय.” मग दोघंही हसलो. अबोला तिथे संपला.

प्रमुखबाईंनी बोलावलं होतं. फार जपून बोलत होत्या. म्हणाल्या, लेखी कामाकडे या, माहितीपत्रकं तुम्ही सुंदर कराल. अपमान नव्हता त्यात. पत्रकं मी सुंदर केलीही असती.

मी म्हटलं, “आधी माझी परीक्षा घ्या. मास्क लावून, पाठीमागून, गोंगाटात, हवी तशी. नापास झाले तर पत्रकं. पास झाले तरी फोनचं काम करणार नाही, आणि औषधाचं प्रत्येक वाक्य डॉक्टरांना परत म्हणून दाखवल्याशिवाय पेशंटला सांगणार नाही.”

“डॉक्टर वैतागतील.”

“वैतागू देत. मी बरीच वर्षं आठवीचा वर्ग सांभाळलाय.”

२९ एप्रिल

नापास. बाहेरच्या व्हरांड्यात, व्हीलचेअरच्या खडखडाटात घेतली परीक्षा. एकदा ‘फिफ्टीन’चं ‘फिफ्टी’ केलं. प्रमुखबाईंनी कागदावर खूण केली.

रडले नाही असं लिहिणार होते. रडले. मग कानांच्या ताईंकडे जाऊन यंत्रं पुन्हा जुळवून घेतली. महिन्याभरानं परत बसायची परवानगी मागितली, ती मिळाली. हे रोज गाडीत बसवून, काचा उघड्या ठेवून, रहदारीच्या मधोमध मला औषधांची नावं सांगतात. मागचे लोक हॉर्न मारतात. ह्यांचे शिकाऊ म्हणे हसतात. हसू देत.

३ जून

पास. फोन सोडून सगळं काम परत मिळालं.

१९ जून

आज पेंटरकाकांची तपासणी. मधल्या दोन वेळा दुसरी दुभाषी होती, आणि पुढेही तीच हवी असं काकूंनी सांगून ठेवलं होतं, ते मला ठाऊक होतं. आज ती रजेवर. प्रमुखबाईंनी काकूंना विचारलं, चालेल का? काकू म्हणाल्या, “मी समोर आहे ना.”

आत गेलो. काकू बसल्याच नाहीत. माझ्या खुर्चीच्या बाजूला परीक्षकासारख्या उभ्या. मॅडम बोलल्या. रक्तदाबाची गोळी, ‘लोअर द डोस.’ ऐकू आलं होतं मला, स्पष्ट. तरी म्हटलं, “पुन्हा सांगता का?” मॅडमनी मास्क खाली ओढला, पुन्हा सांगितलं आणि तळहात हवेत खाली नेऊन दाखवला. मी तसाच हात खाली नेत परत म्हणून दाखवलं. मग काकूंकडे वळले, “गोळी उतरवायची. अर्धी.” काकूंचा माझ्यावर विश्वास नव्हताच. त्यांनी थेट मॅडमकडे बघून आपला हात खाली नेला, भुवया उंचावल्या. मॅडमनी मान डोलावली.

काका खाटेवरून म्हणाले, “तिघी मिळून मला जमिनीत गाडताय की काय?”

हे मी मॅडमना इंग्रजीत सांगितलं. गाळायचं नाही. मॅडम खळखळून हसल्या.

मग काकू हळूच म्हणाल्या, “यांची भूक मंदावलीय. दोन घास खातात आणि ताट सारतात. ते मागच्या वेळी दिलेल्या नव्या गोळीनं होतं का? पण जाऊ दे, त्यांना घाई असेल.”

मी ते सगळं सांगितलं. ताट सारतात हेसुद्धा, आणि ‘घाई असेल’ हेसुद्धा. मॅडमनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवला. केव्हापासून, सकाळी की संध्याकाळी, मळमळतं का, असं एकेक विचारत गेल्या. काकू सांगत गेल्या, मी दोन्हीकडे नेत आणत राहिले. शेवटी मॅडमनी ती नवी गोळी बंद केली आणि दुसरी दिली. म्हणाल्या, बरं झालं यांनी विचारलं. तेही काकूंना सांगितलं. काकू पहिल्यांदाच खुर्चीवर टेकल्या.

निघताना काका पुढे गेले, काकू दारात थांबल्या. “पुढच्या वेळी कोण असणार?”

“मी आहे. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, मला राग नाही.”

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. खोलीकडे वळून पाहिलं.

“तुमची खुर्ची खिडकीच्या बाजूला ठेवायला सांगा,” त्या म्हणाल्या. “तिथून डॉक्टरांचं तोंड दिसतं.”